एकमेकींचा ट्रे

सासूबाईंनी पहिला घास वाडग्यात थुंकला आणि रुमालाने जीभ पुसली.

"लोणी खवट आहे," त्या म्हणाल्या. "तेलाच्या डब्याचा तळ चाटल्यासारखं वाटलं."

सूनबाई टेबलापलीकडे उभी होती. पेस्ट्र्यांची ताटली सासूबाईंनी स्वतःच पुढे ओढली होती.

बेकरीच्या मागच्या खोलीत पेस्ट्र्या करणाऱ्या या दोघीच. साचे तेच, आकार तोच. नियम सासूबाईंचा: करणारीने आपला ट्रे चाखायचा नाही, एकमेकींचा चाखायचा. 'आपल्या हातचं आपल्याला गोड, शेजारणीला कळते खोड,' असं त्या पीठ मळता मळता गुणगुणायच्या. त्यांचा ट्रे सून रोज चाखायची आणि रोज म्हणायची, छान झालंय, आई.

पण तीन महिने गिऱ्हाइकं खोकी परत आणत होती. काल मुलगा काउंटर सोडून आत आला. दोघींपैकी एकीने भट्टी सोडल्याशिवाय दुकान टिकायचं नाही, म्हणाला. कोणी, ते मला विचारू नका. सासूबाई हसल्या. उद्या चाखून सांगते, म्हणाल्या. आज सकाळी दोघींनी आपापला ट्रे करायला घेतला होता.

दुसऱ्या घासाचं क्रीम मेणासारखं टाळ्याला चिकटलं. आत कच्च्या अंड्याचा वास, ओल्या पायपुसण्यासारखा. तिसऱ्यात साखरेच्या जागी मीठ. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डोळ्यांना हल्ली सगळं धुक्यातलंच दिसायचं; जीभ मात्र अजून सुरीसारखी होती.

चौथ्या घासात दाताला काहीतरी अडकलं. ओढून काढलं, तर वीतभर केस.

"केस बांधायला तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

सूनबाईने तो केस घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि ॲप्रनच्या खिशात घातला.

"टाकून दे की. जपून काय ठेवतेस?"

टाकते, म्हणाली. मग हलक्या आवाजात विनवलं, की आता पुरे, उरलेलं नका खाऊ.

सासूबाई कुठल्या ऐकायला. पाचवा घासही वाडग्यात गेला. वाडगा दूर सारून त्यांनी मुलाला हाक मारली.

"ज्या हाताने हे केलं, त्या हाताने पुन्हा भट्टीला शिवायचं नाही. आजपासून. मग रडणं-भेकणं चालायचं नाही."

मुलाने मान खाली घातली. सूनबाई खरंच रडत होती, आवाज न करता.

सासूबाई जरा मऊ झाल्या. "रडू नकोस, बाई. माणूस भिडेपोटी खोटं बोलतं, जीभ नाही बोलत. काढ तो ॲप्रन."

सूनबाईने डोळे पुसले. ॲप्रन काढला नाही.

"आई," ती म्हणाली, "माझा ट्रे अजून भट्टीतच आहे."