एकच सभासद

अमेरिकेतल्या गॅरी गावातल्या रेनिटाला जुळे मुलगे, टेव्हॉन आणि टेव्हिन. दोघांनाही दमा. पण आरोग्य विम्याच्या करारात सभासद ओळखायचा तो आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून, आणि दोघांचं ते सगळं सारखंच. त्यामुळे कंपनीच्या लेखी तिला मुलगा एकच होता, आणि महिन्याला दम्याचा पंपही एकच मिळायचा. दुसरा विकत घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"अहो बाई, दोन आहेत ते! मीच जन्म दिलाय ना, मला नाही कळणार?" ती फोनवर कळवळून सांगायची.

"नाव लिहिताना चूक झाली असेल, मॅडम. तुमची तक्रार पुढे पाठवते हं," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणायची.

एका सकाळी पंप टेव्हॉनच्या दप्तरातून शाळेत गेला. तापामुळे घरी राहिलेला टेव्हिन ॲम्ब्युलन्स यायच्या आत आईच्या मांडीवर गुदमरून गेला.

दफनाला आठवडाही झाला नसेल, टेव्हॉनची छाती वाजायला लागली. पंप संपला होता. रेनिटा त्याला घेऊन औषधांच्या दुकानात धावली. दुकानदार म्हाताऱ्या ओडेलने कॉम्प्युटरवर तिचं आडनाव घातलं आणि पडद्यावर आलेलं पुन्हा एकदा वाचलं.

मग काउंटरला टेकून धापा टाकणाऱ्या टेव्हॉनकडे न बघता तो म्हणाला, "कंपनी नाही म्हणतेय, पोरी. त्यांच्या नोंदीत तुझा मुलगा वारलाय."