एकाच नावाच्या दोन फाइली

फ्लॉपी तिसऱ्यांदा करकरली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मुलीने रोखलेला श्वास सोडला. कित्येक वर्षं कपाटावर कापडाखाली पडलेला हा संगणक अजून जिवंत होता. माऊस नाही, चित्रं नाहीत. आज्ञा टाइप करायची. चुकली तर यंत्र ढिम्म. त्या आज्ञा तिला वडिलांनीच शिकवल्या होत्या. तेव्हा त्यांना आवाज होता.

आता नव्हता. घशातलं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलं होतं. ते खिडकीपाशी बसले होते, मांडीवर पाटी. दोन वर्षांत त्या पाटीवर चहा, पंखा, दार लाव एवढंच लिहिलं गेलं. कारखान्याबद्दल एक अक्षर नाही.

वडील रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. दर महिन्याला शेडमधली हवा बाटलीत भरून आणायची, विषारी वायू किती ते मोजायचं, आकडा लिहायचा. दहाच्या खाली म्हणजे ठीक. त्या शेडमधली अकरा माणसं फुप्फुसं कुजून मेली. कारखाना म्हणाला, हवा ठीकच होती, कागद बघा. शोकपत्रं तर त्यांनी छापूनच ठेवली होती, नावापुरती जागा सोडून.

उद्या सकाळी चौकशीची शेवटची तारीख होती. म्हणून पान्हेकाका आले होते. शेडमधले जुने फिटर. जन्मभर हातात पान्हा, तेच नाव पडलं. दोन जिने चढून आले आणि पाच मिनिटं नुसते खोकत राहिले.

"भाऊंनी घरी नक्कल ठेवली असणारच," ते वडिलांबद्दल म्हणाले होते. "हा माणूस भाजीची यादीसुद्धा दोनदा लिहायचा."

नक्कल सापडली. सगळ्या वर्षांच्या नोंदी एका फ्लॉपीत मावाव्यात म्हणून दाबून एक गठ्ठा केलेला. मुलीने तो संगणकात उतरवून घेतला, नवा रिकामा फोल्डर केला, गठ्ठा उलगडायची आज्ञा दिली. यंत्राने मध्येच विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? तिला घाई होती. तिने 'हो'ची कळ दाबली.

फाइल उघडली. सात. आठ. सहा. नऊ. पानामागून पान, एकही आकडा दहाच्या वर नाही.

पान्हेकाकांनी शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला.

"झालं," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही हौसेने मेलो."

मुलीने वडिलांकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोल्डर तिने आत्ताच केला होता, रिकामा. मग त्यात 'आधीच' फाइल कुठून आली? आज्ञेच्या शेवटी एक खूण लिहायची असते. ती लिहिली की प्रत्येक फाइल आपापल्या कप्प्यात उलगडते. विसरलात तर सगळ्यांचा एकच ढीग. ती विसरली होती. म्हणजे वडिलांनी दोन कप्प्यांत एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या होत्या, आणि दुसरी पहिलीच्या छाताडावर जाऊन बसली होती.

तिने सगळं पुसलं. पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिने 'नको' दाबलं.

एक्केचाळीस. छप्पन्न. त्रेसष्ट. तेच महिने, त्याच तारखा.

"बघा काका." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे खरे आकडे. बाबांनी जपून ठेवले होते." कंपनीचा कुत्रा. बाबांबद्दलचे हे शब्द तिने बसथांब्यावर पाठमोरी उभी राहून ऐकले होते, एकदा नाही, कितीदा.

पान्हेकाका हसले नाहीत. "मग ते दुसरे कुणी लिहिले?"

"साहेबांनी. आणखी कोण? बाबांनी पुरावा म्हणून उतरवून घेतले असतील."

काका बराच वेळ खोकले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतल्या माणसाने मान खाली घातली होती.

"पोरी, उद्या खरे तेवढेच दे," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आमचं काम त्याने होतंय. बाकीचं कशाला उकरायचं? भाऊही त्याच हवेत होते."

तिने मान डोलावली. नवी फ्लॉपी घातली. गठ्ठा थेट तिच्यावर उलगडायची आज्ञा दिली आणि ती खूण या वेळी मुद्दाम गाळली. खरी फाइल उतरली. मग प्रश्न आला. तिचं बोट 'नको'कडे गेलं.

मागे खुर्ची सरकली.

वडील उठून आले होते. पाटी त्यांनी खुर्चीवरच ठेवली होती. त्यांनी तिचं बोट बाजूला केलं, हळूच, लहानपणी चुकीच्या कळेवरून करायचे तसं. आणि तिसरीच कळ दाबली, जिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. 'लिहू नको, नंतर येणाऱ्या फाइलीला दुसरं नाव दे.'

"बाबा, राहू दे ना," ती म्हणाली. "साहेबांचं पाप आहे ते."

यंत्राने विचारलं, नवं नाव काय?

त्यांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत, पाच इंग्रजी अक्षरांत एक मराठी शब्द लिहिला: माझे.