गव्हर्नरसाहेबांना अर्ज

संध्याकाळी पाचला फोन वाजला आणि इराचा आवाज ऐकून जयप्रकाशने घड्याळाकडे पाहिलं. न्यू जर्सीत आत्ता सकाळचे नऊ. त्यात बुधवार. पोरीने ऑफिसात असायला हवं, ही घरून फोन कशी काय करते?

“बाबा, ऑफिस बंद आहे,” इरा म्हणाली. “म्हणजे, सरकारच बंद आहे.”

“सरकार बंद? ते काय वाण्याचं दुकान आहे?”

नयना हात पुसत आली आणि रिसीव्हरला दुसऱ्या बाजूने कान लावून उभी राहिली. खरं तर आज त्यांनीच लेकीला फोन करायचा होता. मस्कतच्या अल् घुब्रातल्या या फ्लॅटमध्ये दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. जयप्रकाशची बावीस वर्षांची नोकरी. कंपनी विकली गेली, नव्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, एका कागदावर सही केली आणि खलास. महिनाअखेरीला व्हिसा रद्द, मस्कत सोडायचं. इथे अर्बाबच्या सहीवर माणूस राहतो आणि त्याच्याच सहीवर जातो. हे इराला कसं सांगायचं, याची दोघांनी चक्क तालीम केली होती. रडायचं नाही, असं नयनाकडून कबूल करून घेतलं होतं.

पण आता कसलं काय!

“पगार?”

“तोही बंद.”

“आणि व्हिसा?”

“बाबा, ग्रीन कार्ड आहे मला. तुम्हीच पेढे वाटले होते ना?”

“ते असू दे. बंद केलं कोणी?”

“गव्हर्नरने.”

इरा मस्कतमध्ये वाढलेली, तिचं मराठी दर चार शब्दांनी अडायचं. त्यातून जयप्रकाशला एवढं कळलं की असेंब्लीने बजेट पास केलेलं नाही, आणि बजेट नसेल तर गव्हर्नरला एक डॉलरही खर्च करता येत नाही. तसा कायदाच आहे. पोलीस, तुरुंग, हॉस्पिटल तेवढं चालू ठेवायचं, बाकीच्यांनी घरी बसायचं. इरा राज्य सरकारसाठी पुलांची तपासणी करते, तर तीही घरी.

जयप्रकाशने चष्मा चढवला. कंपनीत उस्मान ड्रायव्हरला रजा हवी असो की आणखी कोणाला बायकोसाठी व्हिसा, अर्ज लिहायला हाच. असल्या कामाला हा माणूस सगळ्यांच्या पुढे.

“कागद घे. लिही. रिस्पेक्टेड गव्हर्नर सर...”

“बाबा!”

“ऐक तर. नम्रपणे लिहायचं, चार ठिकाणी ‘काइंडली’ घालायचं. मोठी माणसं अशीच वळतात. आणि स्वतः नेऊन दे, दोन्ही हातांनी. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसले म्हणून घरात कोणी चूल बंद ठेवतं का? हेही घाल त्यात.”

इरा खळखळून हसली. “बाबा, त्याच्या हातात नाहीये ते. तो असेंब्लीला बोलावू शकतो. रोज बोलावतोय, ओरडतोय. पण ते हो म्हणेपर्यंत त्यालाही काही करता येत नाही. आणि मला काढायची तर त्याला पॉवरच नाही. पर्मनंट आहे मी. त्यांचं भांडण मिटलं की मी परत पुलावर.”

“काढू शकत नाही?”

“नाही.”

“एवढा गव्हर्नर असून?”

“नाही हो, बाबा.”

जयप्रकाशने चष्मा काढला. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि त्याला एका पोरीला ‘ऊठ’ म्हणता येत नाही! त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. ते नयनाने पाहिलं आणि तिचा शब्द तिथेच मोडला. हुंदका सरळ फोनमध्ये गेला.

“आई? काय झालं?”

मग तालीम राहिली बाजूला. कंपनी विकली, मला काढलं, एकतीस तारखेच्या आत निघायचं आहे, असं जयप्रकाशने एका दमात सांगून टाकलं.

“बावीस वर्षं झाली ना, बाबा?”

“हं.”

“आणि नव्या मालकाला कोणालाच विचारावं नाही लागलं?”

“कोणाला विचारणार? अर्बाब आहे तो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग इरा म्हणाली, “इकडे या तुम्ही. दोघंही. पुण्याला परतायचं नंतर बघू.”

“असं कसं येता येईल, बाळा? त्यालाही व्हिसा लागतो. आमच्यासाठी सही करणारं कोणीतरी लागतं. तिथे आमचा अर्बाब कोण?”

“मी,” इरा म्हणाली. “यल्ला, चला, बॅगा भरा.”