बोंबलाचा ब

"आला बाई पुन्हा तो वास!" मागच्या बाकावरची एक आई नाकाला रुमाल लावून पुटपुटली.

पालकसभेत लेकीला घेऊन बसलेल्या दर्शना तांडेलने ते ऐकलं आणि राग गिळला. तिच्या जुईलीच्या डोळ्यांपुढे अक्षरं नुसती नाचायची. मग शाळेत हातमोजे आले. अक्षरावर बोट ठेवलं की त्याचा आकार कातडीला कळायचा आणि मुलाच्या घरातला, ओळखीचा एक वास दरवळायचा. जुईलीचा ब बोंबलाचा, स सुकटीचा. दिवाळीपर्यंत पोरगी घडाघडा वाचू लागली. शेजारच्या निनादचा ह हिंगाचा होता. त्या वासाची तक्रार कधीच आली नाही.

"वास तेवढे बदलू या," मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या. "गुलाब, चंदन. कसं प्रसन्न वाटतं!"

त्यांनी जुईलीला नव्या वासांचा हातमोजा घातला, पुढ्यात धडा ठेवला. पोरीने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. एक शब्द लागेना. तिने रडवेल्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं.

"होईल हो सवय," कुणीतरी म्हणालं.

दर्शनाने उठून तो मोजा लेकीच्या हातातून ओढून काढला.

"हिंग चालतो, बोंबील नाही. बाई, तुम्हाला अक्षराचा वास येतच नाही. आमचा येतो."