घरी जायला हवं

ओसाकाच्या या वृद्धाश्रमात मी सेविका आहे. रोज चार वाजले की इथल्या एक आजी पर्स छातीशी धरून दाराशी येतात आणि मला म्हणतात, "काएरानक्या." घरी जायला हवं. मी पुण्याच्या क्लासात शिकले ती अदबीची जपानी नव्हे ही. घरच्या माणसांशी बोलतात तशी.

आज सहा महिन्यांनी त्यांचा मुलगा आला. जेमतेम दहा मिनिटं टेकला, घड्याळ बघितलं आणि उठला. "काएरानक्या."

माझं डोकंच फिरलं. नातेवाइकांशी अदबीनंच बोलायचं, हा इथला नियम. गेला खड्ड्यात! मी दारात आडवी उभी राहिले आणि त्याच घरगुती जपानीत खडसावलं, "बसायला हवं! आईजवळ!"

तो ओशाळून बसला.

चार वाजले. आजींनी पर्स उचलली आणि कपाटात ठेवून दिली.