झाड क्रमांक ११४

ओदिलिया कबरीत उतरली आणि आडवी झाली. शवपेटी कडेला, दोर लावून तयार.

कुणी दचकलं नाही. तिचं कूळ आणि मेलेल्या किहवेलेचं कूळ, दोघांत पिढ्यांचं थट्टेचं नातं. अशा नात्यातल्या माणसाने दफन अडवायचं, मयताला नवरोबा म्हणत त्याची टिंगल करायची, काहीतरी उकळूनच बाजूला व्हायचं.

“कोंबडी देतो, आत्याबाई. उठा,” किहवेलेचा मुलगा वेनान्स म्हणाला.

“कोंबडी तूच खा. आमचे नवरोबा बघा, कसे लालबुंद फळ्यांत पहुडलेत! जन्मभर जंगल राखलं, आणि निघताना जंगलच पांघरलं!”

बायका हसल्या. मग एकेक करून पेटीच्या फळ्यांकडे बघू लागल्या.

ओदिलियाने पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. गावाच्या जंगल समितीचा तक्ता. राखीव झाडांची मोजणी दर महिन्याला तीच करते.

झाड क्रमांक: ११४
जात: मनिंगा (लाल लाकूड)
छातीच्या उंचीवर घेर: खोड नाही. खुंट आहे.
कारण:

“वाऱ्याने पडलं, लिही,” समितीचा अध्यक्ष वरून म्हणाला.

“वारा करवत घेऊन आला होता का, मामा?”

“अगं, हे जंगल गावाच्या ताब्यात आणलं म्हाताऱ्यानेच. त्याच्यासाठी एक झाड गेलं तर...”

“हा रकाना आखला तोही त्यानेच. मोकळा सोडला तर पेटीतून उठून पाठीत काठी घालेल.”

नियम सगळ्यांना पाठ होता. जो कापेल त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या वर्षभर जंगलाबाहेर. वेनान्सचं घर मधावरच चालतं. आजच्या दिवशी त्याला हे दुसऱ्या कुणी विचारलं नसतं. थट्टेच्या नात्यावर मात्र रागावता येत नाही.

ऊन चढत होतं. दोरवाले पाय बदलत उभे.

“मी कापलं,” वेनान्स म्हणाला. “निलगिरीच्या फळ्यांत ठेवायचं होतं का त्याला? त्याला?”

ती पडल्या पडल्या लिहीत राहिली.

कारण: कापलं
कोणी: वेनान्स किहवेले
कशासाठी: सरपण / कोळसा / विक्री / घर

“यातलं कुठलं?” तिने विचारलं. आवाजात आता थट्टा नव्हती.

वेनान्सने पेटीवर हात ठेवला. अध्यक्षाने मान वळवली. वेनान्सची आई इतका वेळ चटईवर बसून होती.

“घर,” ती म्हणाली.

ओदिलियाने खूण केली. कागद दातांत धरला आणि हात वर केला.

वेनान्सने वाकून तिला बाहेर ओढलं.