हवालदाराचं पान

हे लिहिणारच नव्हतो. कुत्र्यानं पित्तराचं पान खाल्लं, ही काय कागदावर आणायची गोष्ट झाली? पण अड्याळच्या अलीकडे एका गावात लोक ती अजून अर्धीच सांगतात. आणि वर हसतात.

तर, जागेश्वर अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता. नजर वर. गुरांच्या कोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर, पळसाची पत्रावळ ठेवलेली. तिच्यात उडदाचे वडे, कढी-भात, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, खीर. त्याचा बाप सेवकराम जाऊन पाचवं वर्ष लागलं होतं. चार पित्तरपक्ष गेले, पण बापाच्या नावाच्या पानाला कावळ्यानं एकदाही चोच लावली नव्हती.

कारण हवालदार.

हवालदार म्हणजे घरचा कुत्रा. नाव सेवकरामनंच ठेवलेलं. दारावरून पोस्टमन जावो की पाटलाची म्हैस, पूर्ण चौकशी झाल्याशिवाय हा कोणाला पुढे सोडायचा नाही. पित्तराच्या दिवशी तर त्याची खास ड्युटी असायची. कावळा उतरला रे उतरला, की हा शेजारच्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्यांच्या, ढिगावर चढायचा, तिथून कोठ्यावर उडी. कावळे पसार. मग सगळं पान स्वतःच साफ करायचा. आधी खीर.

एका वर्षी जागेश्वरनं त्याला दाव्यानं बांधलं. त्यानं दावं चावून तोडलं. पुढच्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोस्त परसरामच्या घरी, साखळीनं खुंट्याला बांधून ठेवलं. इकडं कावळा उतरला आणि तिकडून हवालदार आला. मागं साखळी, साखळीला खुंटा, खुंट्याला परसरामच्या बायकोचं वाळत घातलेलं लुगडं.

दरवेळी जागेश्वरची माय, कौशल्याबाई, अंगण झाडायचा फडा घेऊन धावायची. "मुडद्या! माह्या घरच्या पित्तराले उपाशी ठेवतं!" असा दणादण फडा आपटायची की अंगणात धूळ उडायची. जमिनीवरच आपटायची, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गावाला तर विषयच भेटला. पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काहून जागेश्वर, बाबा यंदाही उपाशीच गेले का?" जागेश्वर हसायचा. पण कपड्यात कुसळ शिरावं तसं ते त्याला दिवसभर टोचत राहायचं. बाप दारी येऊन उपाशी परत जातो, आणि पोराला एक कुत्रा आवरत नाही!

यंदा मात्र कुत्राच नव्हता. ऐन धानाच्या रोवणीत हवालदार म्हातारपणानं गेला. जागेश्वरनं त्याला अंगणातल्या बोरीखाली पुरलं, आणि डोळ्यात बांधीतला चिखल गेला असं चार दिवस सगळ्यांना सांगत फिरला.

परसरामच्या घरी कुत्रीला एक पिल्लू झालं होतं. रंग हवालदाराचाच, आणि त्याच्या तुटक्या कानासारखाच दुमडलेला कान. "ने ना बे," परसराम रोज म्हणायचा. "तुह्या हवालदाराचंच हाये. मरता मरता ड्युटी करून गेला." जागेश्वरचं उत्तर ठरलेलं. "मले आता कुत्रा पाहिजेच नाही."

एक कावळा कवेलूवर उतरला. मान वाकडी करून त्यानं खाली तणसाकडं पाहिलं, बराच वेळ. ढिगावर कोणी नव्हतं. मग त्यानं वडा उचलला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि बघता बघता पत्रावळ उडून खाली पडली. जेवायला बोलावलेल्या परसरामनं टाळीच वाजवली.

"घे माय!" जागेश्वर ओरडला. "जेवले बाबा! एकदाचे जेवले!"

कौशल्याबाई दारात उभी होती. हातात फडा, सवयीनं आणलेला. ती रिकाम्या पत्रावळीकडं बघत राहिली.

"हे तं कावळे जेवले," ती म्हणाली.

"मंग? कावळेच जेवाले पाहिजे ना!"

"कावळे काय, कोणाच्याही घरी जेवते." तिनं पदर तोंडाला लावला. "तुह्या बाबानं पहिला घास कधी सोता खाल्ला का रे? आधी हवालदाराले, मंग आपल्या तोंडात. तो मुडदा पान खाऊन जाये, तं मले वाटे, पोचलं त्यायले. आज कोणाले पोचलं, मले काय मालूम?"

फडा भिंतीला टेकवून ती आत गेली.

जागेश्वरनं कोठ्याकडं पाहिलं, मग घराच्या छपराकडं. सगळं गाव पित्तराचं पान घराच्या उंच कवेलूवर ठेवतं. त्यांचंच तेवढं बुटक्या कोठ्यावर, तणसाच्या ढिगाला लागून. का, तर माय म्हणायची, "माह्यानं शिडी चढणं होत नाही." आणि हीच माय घरावरच्या वेलाचे दोडके काढायला महिनाभर तीच शिडी चढत-उतरत होती.

"माय," त्यानं हाक दिली, "चार वर्षं पान कोठ्यावर काहून ठेवलं वं तू?"

"ताट वाढलं हाये," आतून आवाज आला. "गुमान जेव."

परसराम हात धुवायला निघाला होता. जागेश्वरनं त्याचं मनगट धरून त्याला बोरीपाशी ओढलं.

"उद्या पिल्लू न्याले येतो."

"तुले तं कुत्रा पाहिजेच नव्हता ना बे?"

"येतो म्हटलं ना." जागेश्वरनं दाराकडं पाहून आवाज बारीक केला. "आन पित्तराच्या दिवशी बांधणार नाही त्याले. पुढच्या वर्षी त्याच्यानं चढणं नाही झालं, तं ढिगावर आखीन दोन पेंढ्या रचून ठेवीन. तुही शप्पथ."